चुन्याखालचे पट्टे

आमच्या जुन्या जातीच्या मेंढ्यांची ओळख म्हणजे फिकट पाठ, काळे पोट आणि डोळ्यांवरून खाली उतरलेले दोन काळे पट्टे. तशी शेवटची मेंढी गेल्या हिवाळ्यात मेली. मागे राहिला तिच्या पोटचा एक मेंढा, पण तो पांढराशुभ्र. पांढऱ्या मेंढ्यांपासून त्याला सगळी कोकरे पांढरीच झाली, तेव्हा माझ्या धाकट्या दिरांनी, भाऊजींनी, त्याला खाटकाला द्यायचे ठरवले.

माझी लेक जनावरांची डॉक्टर. ती म्हणाली, पांढरा रंग म्हणजे भिंतीवरचा चुना. तो आईबापांपैकी एकाकडून आला तरी खालचे चित्र झाकतो. मेंढ्यात आईचे पट्टे दडले असतील, तर ते काळ्या मेंढीच्या पोटीच दिसतील, कारण तिच्याकडे चुनाच नाही आणि तिचा काळा रंग पट्ट्यांना दाबत नाही.

पण काळी कोकरे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कळपातून काढत आलो. लोकरीत काळा केस दिसला की रंगारी नाक मुरडतो. एकच उरली होती, मी बाटलीने दूध पाजून वाढवलेली. भाऊजी सडेफटिंग. ते तिला माझी जाऊ म्हणायचे. मग ती तुमची बायको झाली, असे मी सुनावले. मी मेंढा तिच्याजवळ सोडला; ती व्याली की बघू, एवढा शब्द मात्र त्यांनी दिला.

ज्या सकाळी तिला कळा लागल्या, त्याच सकाळी खाटकाची गाडी फाटकावर आली. पहिले कोकरू पांढरे. भाऊजी दोर आणायला गेले.

लेकीने मेंढीच्या पोटावरून हात फिरवला. “आई, थांब. आत अजून एक आहे.”

दुसरे सरकन बाहेर आले. मी फडक्याने त्याचे तोंड पुसले. डोळ्यांवर घाण होती, ती निघेना. कोकरू उलटे करून पोट पाहिले, तर काळेभोर! भाऊजी मेंढ्याला दोर बांधून दारात उभे. ते खाली बसले, अंगठा थुंकीने ओला करून त्यांनी पट्टा चोळला. पुन्हा चोळला.

“जात नाही हो, वहिनी.”

“जाईल कसा? आजीचा आहे.”

फाटकावर भोंगा वाजला. भाऊजींनी दोर माझ्या हातात कोंबला आणि खाटकाला परत पाठवायला निघाले. सत्तरीचा माणूस, चक्क पळत गेला.