फक्त दोन शब्द

डॉक्टरांनी ह्यांना माझ्यासमोरच बजावलं होतं, "पाळकसाहेब, हृदय आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. कामं वाटून टाका, नाहीतर चर्चच्या मंडळीला नवा पाळक शोधावा लागेल." ह्यांनी मान डोलावली. घरी येताना मलाच ताकीद दिली, "मंडळीत कुणाला सांगायचं नाही. लोक घाबरतात." लोक कसले घाबरतात! ह्यांना खुर्ची सोडवत नाही.

तरी कामं वाटली. म्हणजे वाटल्यासारखी केली. तरुणांची सभा मंडळीतल्या शिंपीणबाईंकडे दिली आणि दर सभेला मागच्या बाकावर स्वतः जाऊन बसले. आजाऱ्यांच्या भेटी मंडळीतल्याच एका बसड्रायव्हरकडे सोपवल्या, आणि तो पोचायच्या आत हे त्या घरी हजर. कशाला, तर "जरा वातावरण तयार करायला." जिने चढून! घरी आले की छाती चोळत बसायचे. मी विचारलं की म्हणायचे, "पित्त झालंय." पित्त माझं खवळायचं.

बरं, ड्रायव्हर गुणी माणूस. ह्यांनीच त्याला आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून वर्षभर प्रवचन करायला शिकवलं. कुठे थांबायचं, आवाज कुठे खाली आणायचा, सगळं. शिकवावं तर ह्यांनीच, हे मी मान्य करते. पण शिकवलेल्याला करू द्यायची वेळ आली की ह्यांना राहवत नाही.

चर्चमध्ये त्याच्या पहिल्या प्रवचनाचा रविवार आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, बायको पहिल्या रांगेत. त्याने बायबलमधल्या त्या चार मित्रांची गोष्ट घेतली होती, गर्दीमुळे दारातून जाता येईना म्हणून छप्पर उघडून आजारी दोस्ताची खाट प्रभूसमोर खाली सोडणाऱ्या. सुरुवातीला अडखळला, मग रंगला. छप्पर उघडून झालं, खाटेला दोर बांधले, खाट खाली निघाली, आणि हे उठले.

"फक्त दोन शब्द बोलतो," म्हणत सरळ व्यासपीठावर. दोन शब्द काही संपेनात. आजारी माणूस अधांतरी लटकलेला, ड्रायव्हर बाजूला उभा राहून हातातला कागद चुरगळतोय, त्याची बायको रडवेली, आणि हे एका हाताने माइक धरून दुसऱ्या हाताने छाती दाबतायत.

माझं डोकंच फिरलं. लग्न होऊन आल्यापासून चर्चच्या त्या हॉलमध्ये मी गाण्यापुरतंच तोंड उघडलं होतं. उभी राहिले आणि ओरडले, "बसा!"

"अगं, हे काय?" ते माइकवरच म्हणाले.

"खाली बसा म्हणतेय. त्याची खाट त्याला उतरवू द्या." मग मी मंडळीकडे वळले. "ह्यांना हृदयाचं दुखणं आहे. डॉक्टरांनी कामं कमी करायला सांगितलीत आणि हे तुमच्यापासून लपवतायत. चौघं काय, चाळीस जण आहात इथे उचलायला, पण ह्यांना खाटेवर पडायचीच लाज वाटते!"

ह्यांचा चेहरा लालबुंद. शेवटी ड्रायव्हरच पुढे आला. त्याने ह्यांच्या हातातून माइक काढून घेतला, दंडाला धरून ह्यांना बाकावर बसवलं आणि "तर खाट खाली येत होती," म्हणत पुन्हा सुरू केलं. आवाज कापत होता, पण थांबला नाही.

तेव्हापासून ह्यांनी माझ्याशी अबोला धरलाय. "चारचौघांत अब्रू काढलीस," एवढंच काय ते एकदा बोलले. काढली. हे पुन्हा उठले तर पुन्हा काढीन. अब्रूदार पाळकाची विधवा व्हायची मला हौस नाही.