दोन नळांचा टायमर

मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे. काचघराच्या दाराशी भिंतीवर माझी जागा होती. घड्याळासारख्या फिरणाऱ्या माझ्या तबकडीवर खुंट्या होत्या, डावीकडच्या ओळींच्या नळासाठी वेगळ्या, उजवीकडच्या नळासाठी वेगळ्या. खुंटी वर आली की तिचा नळ उघडायचा आणि खत मिसळलेलं पाणी टोमॅटोच्या मुळांशी ठिबकायचं. तिथे माती नव्हती. नारळाच्या भुशाने भरलेल्या पिशव्यांतच झाडं वाढत. थांबणं मला ठाऊकच नव्हतं.

काचघर दोन जावांचं होतं. थोरलीने मला दिवसातून पाण्याच्या बारा पाळ्या लावून दिल्या होत्या. टोमॅटो मुठीएवढे, वजनदार. सगळे माझं कौतुक करत. मग एकदा भाजीवाल्याने अख्खा माल परत पाठवला. दिसायला देखणे, पण चव पाणचट, गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, असा त्याचा निरोप होता.

धाकटी म्हणाली, पाणी कमी करू, खत जरा कडक करू, गोडी येईल. थोरलीला ते पटेना. फळं बारीक होतील, तोडा घटेल, माल कमी निघेल, असं तिचं म्हणणं. शेवटी ठरलं, डावीकडच्या ओळी तशाच ठेवायच्या, उजवीकडे फक्त सहा पाळ्या.

आणि नेमकं ऊन तापलं. दुपारी उजवीकडची पानं माना टाकू लागली. पुढची खुंटी दोन तासांवर होती. माझी तबकडी आपल्याच चालीने फिरत होती. थोरली आत आली. दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरली, मग तिने हाताने नळ उघडला.

संध्याकाळी तिने स्वतःहून सांगितलं, "मी पाणी दिलं. तुझा प्रयोग मोडला असेल, पण मला बघवेना."

धाकटीने उजवीकडचं एक फळ उलटं करून बघितलं. पाण्याच्या ओढीने बूड काळं पडलं होतं. "बरं केलंत, जाऊबाई," ती म्हणाली. "मी फारच ताणलं."

मग दोघींनी मिळून माझ्या खुंट्या नव्याने लावल्या: दोन्हीकडे नऊ पाळ्या, पाणी थोडं थोडं, आणि फळांवर रंग चढू लागला की खत किंचित कडक. तोडा पूर्वीपेक्षा घटला, पाच पेट्यांच्या जागी चार. पण भाजीवाल्याने उभ्याउभ्याच एक फळ खाल्लं, मनगटावरचा रस चाटला आणि पुढच्या खेपेला जास्त माल मागितला.

पुढे ऊन मोजून पाणी सोडणारं नवं यंत्र आलं. मी काचघराच्याच कोपऱ्यातल्या खोक्यात गेलो, खुंट्यांवर खताचे क्षार साचले. तरी दुपार झाली की मला चैन पडत नाही. माझी एवढीच विनवणी आहे, मित्रांनो. यंत्र पुसत जा, जपत जा. पण त्याच्यावर सगळं सोपवून घरी बसू नका. वेळ मला कळायची, तहान कधीच कळली नाही. त्या दोघी मात्र अजून रोज दुपारी ओळींमधून फिरतात आणि पानं हातात घेऊन बघतात.