पहिल्या धड्याचे कुलूप

आमच्या घरात, शेजारात आणि ज्या संस्थेत तिने आयुष्य वेचले तिथेही, माझ्या पत्नीला सर्वजण मेट्रनबाई म्हणतात. रुग्णालयाच्या सेवेतून निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी ते संबोधन तिला सोडून गेले नाही, आणि तिनेही त्याला कधी जा म्हटले नाही.

निवृत्तीनंतर ती त्याच संस्थेच्या परिचारिका विद्यालयात एक छोटा अभ्यासक्रम शिकवीत असे. तो परिचारिकांसाठी नव्हता. ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले आहे अशा मुलांसाठी, लेकीसुनांसाठी, नवऱ्याबायकांसाठी तो होता. आजारी माणसाला कुशीवर कसे वळवावे, घास कसा भरवावा, अंग कसे पुसावे, एवढाच त्याचा विषय. या विद्येला पदवी नाही आणि मिरवणेही नाही. परंतु तिच्याइतक्या श्रद्धेने वर्गात पाऊल ठेवणारा शिक्षक मी माझ्या साऱ्या अध्यापनकाळात पाहिला नाही.

पुढे संस्थेने ठरवले की यापुढचे सर्व शिक्षण संगणकावरून व्हावे. प्राचार्यांनी तिला बोलावून घेतले आणि अतिशय सौजन्याने सांगितले की मेट्रनबाईंनी आपला अभ्यासक्रम स्वतः ऑनलाइन चढवावा आणि एक तुकडी चालवून दाखवावी. नियामक मंडळाच्या बैठकीपर्यंत ती तुकडी पुढे सरकलेली दिसली तर उत्तम. न सरकल्यास बाहेरचा तयार अभ्यासक्रम विकत घेण्याचे मंडळाच्या मनात आहे, आणि मग हा बंद होईल. ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा शांत होता. त्या शांततेचा अर्थ इतक्या वर्षांत मला कळू लागला आहे. मी मुकाट्याने चहा केला.

सुदैवाने आमची सूनबाई त्याच संस्थेच्या ऑनलाइन विभागात काम करते. अभ्यासक्रमाचे विभाग पाडणे, चित्रफिती चढवणे, चाचण्या जोडणे हे तिच्या हातचे काम. दुपारच्या वेळी जेवणाचे टेबल पुसून त्यावर लॅपटॉप ठेवला जाई आणि सासूसुनेची शाळा भरे. कोण कोणाला शिकवते आहे हे दुसऱ्या खोलीतून ऐकणाऱ्याला सांगता आले नसते.

पहिला वाद मांडणीवरून झाला. सूनबाईचे म्हणणे, सगळे शिक्षक आठवड्यांप्रमाणे विभाग करतात, आपणही तसेच करू. मेट्रनबाईंनी विचारले की आजारी माणूस आठवड्यांप्रमाणे आजारी पडतो का. मग तिने स्वतःची मांडणी सांगितली: आधी अंथरूण, मग शरीर, मग अन्न, मग औषध, आणि सर्वांत शेवटी बोलणे, कारण रुग्णाशी बोलणे हे त्यातले सर्वांत अवघड काम आहे. सूनबाई क्षणभर पडद्याकडे पाहत राहिली आणि तिने आठवड्यांची सगळी शीर्षके पुसून टाकली.

फायलींच्या नावांवरूनही बरीच थट्टा झाली. एकाच टिपणाच्या तीन आवृत्त्या चढल्या होत्या, 'अंघोळ', 'अंघोळ नवी' आणि 'अंघोळ ही खरी'. सूनबाईने नम्रपणे विचारले की आई, आधीच्या दोन अंघोळी खोट्या होत्या का. त्यावर सासूबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे अशा नजरेने पाहिले, जिने पूर्वी अख्खा वॉर्ड आवरला जात असे. सूनबाई मात्र खुदकन हसली.

प्रत्येक धड्याच्या नावापुढे एक लहानसा डोळा असतो. तो उघडा असेल तर धडा विद्यार्थ्यांना दिसतो, मिटलेला असेल तर फक्त शिक्षकाला. ही सोय मेट्रनबाईंना फार आवडली. दिवसाचे काम संपले की अर्धवट धड्यांचे डोळे नीट मिटलेले आहेत ना, हे एकेक करून पाहिल्याशिवाय ती उठत नसे. मी म्हटले की या घरात सांगितल्याबरोबर झोपतात ते दोनच, हे कच्चे धडे आणि मी.

आणि मग सूनबाईने तिला कुलूप दाखवले. एक धडा पूर्ण झाल्याशिवाय पुढचा विभाग उघडू नये अशी अट घालता येते, हे कळताच मेट्रनबाईंचा चेहरा उजळला. तिच्या वॉर्डचा दंडकच तो होता. ज्या मुलीला खाट नीट लावता येत नाही, तिने रुग्णाला हात लावायचा नाही. तिने लागलीच अट घातली: प्रत्येकाने घरी खाट लावावी, चादरीच्या पायथ्याकडील कोपऱ्याचे छायाचित्र पाठवावे, आणि ते तिने स्वतः मान्य केले तरच दुसरा विभाग उघडावा. सूनबाईने सावध केले की ऑनलाइन माणसे अडली की थांबत नाहीत, निघून जातात. पण कुलूप लागले ते लागलेच.

तुकडी सुरू झाली. चालक, शिंपी, गृहिणी, दुकानदार, एक निवृत्त न्यायाधीशही, अशी नाना प्रकारची माणसे त्यात होती. छायाचित्रे येऊ लागली आणि मेट्रनबाई ती परत पाठवू लागली. तिची शेरे देण्याची रीत सभ्य होती. 'प्रयत्न चांगला. कोपऱ्यात गाठ राहिली आहे. कृपया पुन्हा करावे.' न्यायाधीशांनाही हेच, शिंप्यालाही हेच. सूनबाईने प्रगतीचा तक्ता उघडून दाखवला, तर प्रत्येक नावापुढची पट्टी एकाच ठिकाणी अडलेली. पहिला विभाग ओलांडून एकही जीव पुढे गेला नव्हता. काहींनी येणे थांबवले होते. चालकाने लिहिले होते की माझे वडील पडून आहेत, त्यांना भरवायचे कसे ते मला हवे आहे, एका कोपऱ्यासाठी मी किती दिवस दाराबाहेर उभा राहू.

तो संदेश तिने पुनःपुन्हा वाचला.

बैठक जवळ आली तसा प्राचार्यांचा फोन आला. अट काढून टाका, लोकांना पुढे जाऊ द्या, मंडळाला हालचाल दिसली म्हणजे झाले, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते हितचिंतकाचेच होते. सूनबाईही हळूच म्हणाली की आई, एका टिचकीचं काम आहे. मीही मनातून त्यांच्याच बाजूचा होतो. अभ्यासक्रमच उरला नाही तर कोपरा कोण शिकवणार?

मेट्रनबाईंनी लॅपटॉपवरचा हात काढून घेतला.

"कुलूप काढलं की सगळे पुढे जातील, हे मला कळतं गं," ती म्हणाली. "पण त्या गाठीवर कुणीतरी झोपणार आहे. ज्याला स्वतःहून कूससुद्धा बदलता येत नाही, असं कुणीतरी. तुम्हाआम्हाला चादर टोचली तर आपण सरकतो. तो सरकत नाही. चार दिवसांत तिथे जखम होते."

थोड्या वेळाने तिने सूनबाईला सगळी छायाचित्रे एकाच पडद्यावर शेजारी शेजारी लावायला सांगितली. पडदा कोपऱ्यांनी भरून गेला: पांढरे, निळे, फुलाफुलांचे, एका मुलाच्या खाटेवरचा कार्टूनचा. ती पुढे वाकून बराच वेळ पाहत राहिली. रुग्णाच्या अंगावरचे पुरळ पाहावे तसे तिचे ते पाहणे होते.

"सगळ्यांची चूक एकच आहे," ती म्हणाली. "बाजूची कड वर उचलून गादीवर ठेवायचीच राहिली आहे. सगळ्यांनी सरळ खाली कोंबलं आहे. चुका निरनिराळ्या असत्या तर मी त्यांना बोलले असते. सगळे एकाच जागी अडखळले, म्हणजे त्या जागी मीच काहीतरी करून बसले आहे."

सूनबाईने तत्परतेने विद्यार्थ्याच्या नजरेने अभ्यासक्रम पाहण्याची सोय उघडली. आपण रचलेले आपल्यालाच विद्यार्थी होऊन पाहता येते, ही सोय मला आमच्या काळी मिळायला हवी होती. पहिल्या धड्याची चित्रफीत सुरू झाली. ती विद्यालयाच्या सराव-कक्षात, खाटेच्या पायथ्याशी, दाराजवळ कॅमेरा रोवून घेतलेली होती. खाटेवर रुग्ण म्हणून एकाला निजवलेले होते, आणि रुग्णाकडे कधी पाठ फिरवायची नाही हे मेट्रनबाईंच्या अंगात इतके मुरलेले की ती सारा वेळ उशीकडे तोंड करून काम करीत होती. त्यामुळे कॅमेऱ्याकडे तिची पाठ होती, आणि नेमकी घडी घालायच्या वेळी तो कोपरा तिच्या पाठीआड पूर्ण झाकला गेला होता. आवाज स्पष्ट येत होता. दिसत काहीच नव्हते.

वॉर्डमध्ये हे कधी घडले नव्हते, कारण तिथे शिकणाऱ्या मुली तिच्या कोपरापाशी खेटून उभ्या राहत. कॅमेऱ्याला तसे खेटून उभे राहायला कोणी शिकवले नव्हते.

"हा कोपरा कुठे आहे?" मेट्रनबाईंनी विचारले. "हा तर मला माझ्या पाठीचा डोंगर दिसतोय."

सूनबाईने हसू दाबण्याचा प्रयत्न केला, पण सासूबाईच आधी हसल्या, आणि मग दोघींना आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच बाहेरच्या खोलीत नवी चित्रफीत घ्यायचे ठरले. रुग्ण म्हणून माझी नेमणूक झाली. सूनबाई फोन हातात धरून सासूबाईंच्या कोपरापाशी उभी राहिली. परंतु मेट्रनबाईंनी तिच्या हातातून फोन काढून घेतला. म्हणाली की माझे हात हे काम इतकी वर्षे करत आले आहेत की त्यांना ते सोपे वाटते, आणि सोपे दिसले की माणूस नीट बघत नाही. चादर तू घाल, मी फोन धरते.

सूनबाईने चादरीला हात घातला आणि साऱ्या तुकडीने केली होती तीच चूक केली. लोंबती चादर सरळ गादीखाली कोंबली. माझ्या टाचेखाली गाठ लागली तशी मी कुरकुरलो, तर रुग्णाने फक्त दुखते तिथे बोट दाखवावे, भाषण करू नये, अशी तंबी मिळाली. मी बोट दाखवले.

मग त्या फोनमागून तिचा शिकवण्याचा आवाज आला. तो आवाज मी घरात क्वचितच ऐकतो. त्यात घाई नव्हती आणि राग तर मुळीच नव्हता. थांब, उलगड, असे ती म्हणाली. बाजूची कड कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर धर. वर उचल. गादीवर ठेव, तिकोन झाला बघ. आता खाली लोंबते आहे तेवढेच आत सार. आता तिकोन खाली आण, आणि तोही आत. हात फिरव. सूनबाईने हात फिरवला. माझ्या टाचेखाली चादर नव्या कागदासारखी सपाट झाली होती.

सूनबाईचे म्हणणे, चुकलेला भाग कापून टाकू. मेट्रनबाईंनी कापू दिला नाही. उलट चूक आणि दुरुस्ती दोन्ही त्याच क्रमाने राहू दिली. जुनी चित्रफीत तिने पुसली नाही, फक्त तिचा डोळा मिटला. आणि सर्वांना दिसेल अशा जागी सूचना लिहिली: 'पहिल्या चित्रफितीत घडी दिसत नव्हती. चूक माझी होती. तुमचे आधीचे प्रयत्न मी परत केले याबद्दल क्षमस्व. नवी चित्रफीत पाहून पुन्हा करावे. अट तीच आहे.' न्यायाधीशांसमोर चूक कबूल करायला कमीपणा वाटला नाही का, असे मी चिडवले, तर म्हणाली की न्यायाधीशाचीच चादर सर्वांत वाईट होती.

संध्याकाळपर्यंत छायाचित्रांची रांग लागली. पहिले मान्य झालेले छायाचित्र त्या चालकाचे होते. कोपरा रेखीव होता, आणि कडेला त्याच्या वडिलांचे पाऊल दिसत होते. मेट्रनबाईंनी 'उत्तम' असे लिहिले, थांबली, मग पुढे लिहिले, 'आता एकच विभाग, मग भरवणे.' त्याचा पुढचा विभाग उघडला. त्यानंतर एकामागून एक पट्ट्या हलू लागल्या. सोडून गेलेले काहीजणही परतले. न्यायाधीशांना मात्र आणखी एकदा परत पाठवावे लागले.

बैठकीच्या दिवशी प्राचार्यांनी आम्हा तिघांनाही बोलावले. रुग्णही सोबत आणा, असा त्यांचा निरोप होता. मंडळींसमोर त्यांनी तक्ता उघडला. बहुतेक नावे दुसऱ्या विभागात होती, काही तिसऱ्यात. मग त्यांनी कोपऱ्यांची छायाचित्रे एकामागून एक दाखवली, आणि शेवटी ती चित्रफीत. ती संपल्यावर मंडळातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारले की यात चुकणारी कोण.

"मी," सूनबाई म्हणाली.

"आणि बरोबर करणारी?"

"तीही मीच. शिकवणाऱ्या आई."

डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. म्हणाले, बाहेरून विकत घेण्याची गरज मला दिसत नाही. शिवाय ती अट काढू नये. इतरांनीही मान डोलावली. प्राचार्यांनी टिपणात तसे लिहून घेतले, आणि पुढच्या तुकडीसाठी किती जागा ठेवायच्या हे मेट्रनबाईंनाच विचारले. तिने अगदी साध्या स्वरात आकडा सांगितला. टेबलाखाली तिने माझा हात घट्ट धरला होता, हे तेवढे मला ठाऊक.

बाहेरच्या मार्गिकेतून आम्ही परत निघालो. सासूसुना पुढे, मी मागे. जिन्यापाशी मेट्रनबाई थांबली, सूनबाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चादर नीट घालतेस गं."

एवढी स्तुती मी तिच्या तोंडून माझ्यासाठीही आजवर ऐकलेली नाही. सूनबाईला ती किती मोठी आहे हे कळले असावे. तिने सासूबाईंच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली आणि ताठ मानेने जिना उतरू लागली. मी त्या दोघींच्या मागोमाग, जितके हळू उतरता येईल तितके हळू उतरलो.