मी म्हणजे कोण

मधुकररावांची अट सरळ होती. "तुह्याबिना चालला पायजे तो प्रोग्राम. मंग जाय नागपूरले."

दामिनीला सोमवारी नागपूरच्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. आज शनिवार. मधुकरराव तिचे सासरे; त्यांच्या भंडाऱ्यातल्या दुकानातून कोणत्या हातमागाला कोणता कोसा रेशमाचा धागा जायचा, हे चार वर्षं तिचा पायथॉनमधला प्रोग्राम ठरवत होता. ‘दुकान’ नावाचा एक क्लास, म्हणजे प्रोग्राममधला साचा, त्याच्या पोटात ‘माग’ नावाचा दुसरा. साच्यातली वस्तू स्वतःबद्दल बोलते तेव्हा इतर लोक जिथे ‘सेल्फ’ लिहितात, तिथे तिने हौसेने ‘मी’ लिहिलं होतं.

प्रोग्राम तिच्याविना चालतो का ते पाहायला नणंद कीर्ती संगणकापुढे बसली. "तू जम बसव तिकडं, वहिनी. पुढच्या साली मी येतोच कॉलेजले. खोली खिडकीवाली पाहून ठेव."

तिने अड्याळ गावचा माग निवडला. प्रोग्राम थांबला. ‘माग’कडे ‘धागे’ नाहीत, असं पडद्यावर आलं.

"घ्या," सासरे गादीवरून बोलले. "सूनबाई उठली का माग बंद."

दामिनीला चूक दिसली आणि तिची तिलाच लाज वाटली. रोज सकाळी ती स्वतः एक ओळ टाकून दुकानाचे धागे मागांना जोडून देई, दुधाला विरजण लावावं तसं, न बघता. म्हणून इतकी वर्षं काही अडलं नव्हतं.

"पण माग तर दुकानाच्या आतच आहे," कीर्ती म्हणाली. "मंग त्याले काहून नाही माहीत?"

"आत असल्यानं काही भेटत नाही. दोन्हीकडं ‘मी’ लिहिलं आहे, पण मी म्हणजे ज्याच्या नावानं हाक मारली तो. मागाले हाक मारली का मी म्हणजे माग."

"मंग करायचं काय?"

"माग बनवतानाच दुकानानं सोताले त्याच्या हाती द्यायचं."

तीन ओळी बदलाव्या लागल्या. मग दामिनी दाराशी जाऊन उभी राहिली, हात मागे बांधून. कीर्तीने एकेक करून सगळे माग चालवले. एकदाही अडलं नाही.

मधुकररावांनी चष्मा पुसला. "बेस झालं. जाय तू सोमवारी. कीर्ती आहे आता. कॉलेजचं काय, घरूनबी होते."

कीर्तीची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. दामिनीने तोंड उघडलं. बोललं तर अट पुन्हा उभी राहील, हे तिला माहीत होतं. तिने तोंड मिटलं.

"वहिनी," पडद्यावरची नजर न काढता कीर्ती म्हणाली, "आता इथं मी म्हणजे कोण?"

गादीवरून हाक आली.

"कीर्ती, अड्याळचा धागा पाह्य."