एकवीस भोकांची भिंत

खरं सांगायचं तर सगळ्या भानगडीचं मूळ मीच. त्या भिंतीत पहिली पणती मी ठेवली.

आमचं घर पारनेरच्या अंगाला, मुरमाच्या टेकडीच्या पायथ्याशी. टेकडीवर टेकाईचं देऊळ आहे. देवळापर्यंत गाडी जावी म्हणून रस्त्यासाठी पोकलेननं टेकडीची बाजू उभी कापली आणि पुढच्याच पावसाळ्यात कापातला मुरूम घसरत आमच्या गोठ्यापर्यंत आला. गाय वाचली, गव्हाण गेली. मग घराच्या मागं दोन पुरुष उंच दगडी भिंत उभी राहिली. तिच्यात दोन ओळींत प्लास्टिकच्या नळ्यांची भोकं ठेवली होती. वरच्या ओळीत दहा, खालच्या ओळीत अकरा.

ती भोकं कशाला, हे बांधणाऱ्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. मला ते कोनाडेच वाटले. पणती बरोब्बर बसायची! मी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, "आई टेकाई, ही भिंत उभी राहू दे. वर्षभर रोज तिन्हीसांजेला हिच्यात दिवा लावीन." आणि खालच्या ओळीतलं मधलं भोक धरलं.

तिसऱ्या दिवशी आतून पाणी ठिबकलं आणि दिवा विझला. व्रत म्हटलं की अडचणी यायच्याच. मी नारळाची शेंडी आत कोंबली, वरून शेणमातीनं लिंपलं. दिवा कसा शांत तेवायला लागला. पुढं रोज पणती ठेवायच्या आधी मी बोटभर शेणमाती लावायचीच.

शेजारच्या झुंबरबाईंनी हे पाहिलं. त्या माझ्या थोरल्या जावेच्या वयाच्या, आवाज मात्र देवळातल्या घंटेचा.

"एकटीच पुण्य लाटती व्हय गं सत्यशीला? आमाला बी एक भोक दे की!"

महिन्याभरात एकवीस भोकांना एकवीस मालकिणी झाल्या. शेंडी आणि शेणमाती सगळ्यांनी माझ्याकडून शिकून घेतली. प्रत्येकीनं गेरूनं आपलं नाव लिहिलं. वरच्या ओळीसाठी दोन स्टुलं आली. कोपऱ्यातल्या भोकावरून दोघी सख्ख्या जावा आठ दिवस बोलत नव्हत्या. त्यांतल्या पुष्पावतीनं तर लेकीच्या लग्नात रुखवताबरोबर भोकही देऊन टाकू का, असं विचारलं. संध्याकाळी एकवीस दिवे लागले की भिंत अशी दिसायची की टेकडीनं नथ घातलीय. सुप्याहून माणसं फोटो काढायला यायची.

वर्ष भरायला सोळा दिवस राहिले आणि परतीचा पाऊस आला. सलग पाच दिवस. सहाव्या दिवशी जरा उघडलं, तेव्हा आमचे हे मागच्या दारात उभे राहून म्हणाले, "अगं, भिंतीला पोट आलंय."

झुंबरबाईंनी मान तिरकी करून पाहिलं. "सातवा लागला बघ. डोहाळजेवन घालू!"

मी हसले, पण जवळ जाऊन पाहिलं. भिंतीच्या टोकाला, जिथं ती रस्त्याला मिळते तिथं, बोट जाईल एवढी चीर पडली होती. ती पडली तर सरळ आमच्या स्वयंपाकघरावर.

ह्यांनी फोन केला आणि दुपारी तालुक्याहून इंजिनीअर आली. एस्तेर. पोरगीच होती, माझ्या भाचीएवढी. गळ्यात बारीक क्रूस, गुडघ्यापर्यंत चिखल. टेकडीवर चढून आली, चीर पाहिली आणि मला विचारलं, "मावशी, या भोकांतून पाणी किती येतं?"

"थेंब नाही," मी अभिमानानं सांगितलं. "मी स्वतः बंद केलंय."

तिनं डोळे मिटले. आधी वाटलं प्रार्थना करतेय. मग म्हणाली, "मावशी, टेकडीत मुरलेलं पाणी बाहेर जायला ही भोकं असतात. वाट नसली की ते पाणी मागून भिंतीला ढकलत राहतं."

"म्हंजी दिवे लावून आमी टेकडीचं नाक दाबलं?" झुंबरबाई म्हणाल्या.

"नाक, तोंड, सगळंच."

भिंत अजून हलतेय का हे पाहायला तिला चिरेवर काचेची पट्टी चिकटवायची होती. काच नव्हती. मी हिरव्या बांगडीचा तुकडा दिला. तो तिनं चिरेच्या दोन्ही कडांवर पटकन घट्ट होणाऱ्या लुकणानं बसवला. तेवढ्यात आम्ही घर रिकामं केलं. देव, पिठाचा डबा, गाय, या क्रमानं. तासाभरानं एस्तेर चिरेपाशी वाकली.

"तुटली."

"बांगडीला तुटली म्हनू न्हाई गं, वाढली म्हनावं," झुंबरबाई.

"आजी, चीरच वाढलीय! उद्यावर जाऊन चालणार नाही. आत्ताच उघडायची भोकं." टेकडीमागं ढग पुन्हा काळे झाले होते.

तिनं हुकूम सोडला: भिंतीसमोर कुणी उभं राहायचं नाही. दोन-दोन बांबू एकमेकांना बांधायचे, टोकाला सळई, आणि लांबून, तिरपं उभं राहून टोचायचं. सुरुवात दोन्ही टोकांकडून. एकवीस मालकिणी पदर खोचून हजर झाल्या.

पहिलं भोक कोपऱ्यातलं, त्या जावांच्या भांडणातलं. सळई लागली, शेंडी हलली आणि फस्सकन तांबड्या पाण्याची चिळकांडी उडाली. पणती थेट माझ्या तुळशीवृंदावनात! मग जी किंकाळी उठली ती देवळापर्यंत गेली असेल.

"आता माझं! माझं टोचा!"

"गप गं, रांगेनं!"

"माझं आधी लिंपलं होतं!"

"म्हनून तर आधी फुटंल!"

एकेक भोक सुटत गेलं, चिळकांड्या एकमेकींना छेदायला लागल्या. झुंबरबाईंच्या भोकातून शेंडीचा गोळा सुटला तो त्यांच्याच अंबाड्यावर बसला. त्या तो तसाच मिरवत हिंडल्या. पुष्पावती हसता हसता चिखलात बसली आणि उठेचना. एस्तेर बाजूनं ओरडत होती, "मागं सरा! मावश्या, मागं!" पण तिलाही हसू आवरत नव्हतं.

वीस भोकं मोकळी झाली. एस्तेरनं बांगडीचा दुसरा तुकडा बसवला. आम्ही ओल्या लुगड्यांनी थांबलो. थोड्या वेळानं तिचा चेहरा उतरला.

"हाही गेला. पोट मधेच आहे, आणि मधलंच बंद आहे."

मधलं माझं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"अकराच दिवस राहिलेत," मी म्हणाले. आयुष्यात मी व्रत मोडलेलं नाही. तापातही एकादशी सोडली नाही. बांबू हातात होता, पण उचलवत नव्हता.

झुंबरबाई जवळ आल्या. पहिल्यांदाच हळू बोलल्या. "सत्यशीला, तू मागितलं काय हुतंस?"

भिंत उभी राहू दे. मागणं ते होतं. दिवा तर मी आपणहून देऊ केलेला. आणि वर्षभर रोज बोटभर लिंपून लिंपून मी माझ्याच मागण्याचा गळा आवळत होते!

मी देवळाकडं पाहून हात जोडले आणि बांबू उचलला. वर्षभराची शेणमाती विटेसारखी झाली होती. पहिल्या ढोसणीला पणती पडली. दुसरीला टवका निघाला. तिसरीला आत काहीतरी गुरगुरलं आणि हाताएवढा जाड लोट सुटला, अंगण ओलांडून थेट आमच्या ह्यांच्या छातीवर. ते गाय धरून उभे होते. गाईनं अंग झाडलं, ह्यांनीही झाडलं, अगदी तसंच.

मग मला हसू फुटलं. असं हसू मला लग्नानंतर आलं नव्हतं. झुंबरबाईंनी एस्तेरचे दोन्ही हात धरले आणि चिखलात फुगडी सुरू झाली. "आजी, मला येत नाही!" "पाय जुळव, मागं रेल, येतंय!" ती आणि क्रूस आणि झुंबरबाईंच्या अंबाड्यावरची शेंडी, सगळं गरगर गरगर.

तिसरा तुकडा सकाळपर्यंत अख्खा राहिला. तरी आठ दिवस आम्ही झुंबरबाईंकडंच झोपलो, कारण एस्तेरची तशी ताकीद होती. माथ्यावर पाणी वळवायला चर खणला. उन्हाळ्यात भिंतीमागं खडी भरायची आहे.

माझे अकरा दिवस पुरे झाले. भिंतीपासून लांब, अंगणातल्या दगडावर दिवा लावला. टेकाईनं काही कुरकुर केल्याचं जाणवलं नाही. उद्यापन झालं आणि मी नवा नेम धरला. रोज सकाळी आंघोळ झाली की लांब काठीनं एकवीसही भोकं टोचून यायची.

पण बायका त्या बायकाच. आता भांडण पाण्यावरून. "माझ्यातून तुझ्यापेक्षा जास्ती येतंय!" "काल नव्हतं येत, तू वरून तांब्या वतला!" झुंबरबाई तर पाहुण्यांना धार दाखवायला नेतात.

मी आपला मधल्या भोकाखाली हंडा ठेवलाय. सगळ्यांच्या आधी भरतो. भरला की तुळशीला घालते.