कार्तिकातला घाट

"वाटेवरचं माणूस घरी पोचल्याबिगर दिवा बारीक करू नको, सूनबाई." ओसरीवरच्या कंदिलाबद्दल आशाबाई असं सांगायच्या. सासूबाई गेल्या, कंदीलही गेला. पण आता अलकाच्या हाती सगळ्या बुऱ्हाणपुराचे दिवे होते, आणि ते बारीक करणं हेच तिचं काम होतं.

शहरातले रस्त्यावरचे दिवे आणि पाण्याचे पंप एकेक करून एका जाळ्यात जोडले जात होते, ती वर्षं. कंट्रोल रूमच्या पडद्यावर इतवारा, बाजार, तापीचा घाट, सगळं ठिपक्याठिपक्यांनी दिसे. खांबावरची यंत्रं वर्दळ टिपत. जिथे कुणी फिरकत नाही, तिथले दिवे रात्री आपोआप मंद होत. वाया जाणारी वीज वाचू लागली होती. पूजा आटोपून देवघर आवरल्यावर जसं बरं वाटतं, तसं अलकाला ते काम करताना वाटे.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, कार्तिकस्नानाच्या पहिल्याच सकाळी, ती तुळशीला पाणी घालत होती. शेजारच्या सरुबाई येऊन ओट्यावर टेकल्या. दर कार्तिकात या वेळी त्यांच्या लुगड्याचा काठ नदीने भिजलेला असायचा. आज कोरडा होता.

"काय वं अलका, तुह्या कंप्युटरचा उपास आहे का? घाटावर दिवे पार मिणमिणते. पायरी दिसे ना. मी परत आली."

"मग स्नान?"

"घरी केलं, बालटीत. बालटीत तापी येते का?" सरुबाईंनी गुडघा चोळला. "गिरधर म्हणे, आई, उद्या घाटावर उजेड नसला तर यंदा कार्तिक बंद. त्याचंही खोटं नाही, पडली तर त्यालेच धावावं लागीन. पण लग्न होऊन आली तवापासून चुकला नाही वं."

अलकाच्या हातातला तांब्या थांबला. घाटावरच्या वर्दळीचा हिशेब तिने आषाढ ते भाद्रपदाचा धरला होता. त्या दिवसांत तापी पायऱ्या चढून वर येते. तिथे कोण जाणार? यंत्राने खरं तेच टिपलं होतं. कार्तिक विसरला होता तो माणसाने, आणि तेही घरात कार्तिक पाळणाऱ्या माणसाने.

"उद्या उजेड असेल, मावशी. आणि मी स्वतः हात धरून उतरवीन."

"पाहा बरं. तुळशीपाशी उभी राहून बोलून राहिली तू."

कंट्रोल रूममध्ये अरविंद साहेबांनी ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "पूरा घाट रातभर? मॅडम, मग हे जाळं विणलं कशाला?"

"रातभर नाही, साहेब. पहाटेच्या स्नानापुरता. कार्तिकी पौर्णिमा झाली की पुन्हा मंद. आणि घाटाजवळचा पंप पहाटेऐवजी भर दुपारी चालवू. तेव्हा सोलरची वीज असते. टाकी तेवढीच भरेल."

साहेबांनी पडद्यावर पंपाची वेळ सरकवून पाहिली. हिशेब जुळत होता.

"पर मशीनला तारखा कळतात, तिथी नाही. पुढच्या साली कार्तिक सरकणार."

"पंचांग बघून मी सांगत जाईन त्याला. दर वर्षी."

"म्हणजे आता मशीनपण व्रत धरणार."

"धरू द्या की. उपास तर आपण त्याला शिकवलाच आहे."

साहेब हसले. "करा मग. माझी आईपण जाते तिथे. तिला सांगू नका, मी आधी नाही म्हणालो ते."

अलकाने घाटाचे ठिपके वेगळ्या गटात काढले, वेळ घातली, पंपाची वेळ बदलली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटण्याआधीच तिची आंघोळ झाली होती. मोबाइलवर घाटाचे ठिपके चांगले भरून उजळले होते. गिरधरची अट पुरी झाली होती. पण मोबाइलवर पायरी दिसत नाही, शेवाळंही दिसत नाही. तिने देवापुढची वात सारखी केली, तांब्या घेतला, कडीचा आवाज होऊ न देता दार ओढलं, आणि सरुबाईंच्या घराकडे चालू लागली.