कात्री टेपला लावायची नाही

या, बसा पावणं. इकडं तिकडं बघू नका, बोलतेय ती मीच. टेबलावर खडूच्या डबीशेजारी, मुठीला चिंध्या गुंडाळून पडलेली कात्री दिसते ना, ती मी. दुधाची पिशवी कापायला तुमच्या घरात असते तसली नव्हे. मी शिंप्याची कात्री. मला उचलायला मनगट लागतं.

माझा जन्म मेरठचा. भंगारात आलेल्या ट्रकचा कमानपट्टा भट्टीत लाल केला, घणाखाली चेपला, पाण्यात बुडवला, पुन्हा चेपला. मार खाऊनच जन्मले म्हणा ना. तिथून कोल्हापुरात आले ती महंमद उस्तादांच्या दुकानात. उस्तादांचा हात सोन्याचा आणि स्वभाव इंगळीचा. गिऱ्हाइकाला चहा पाजत गोड बोलायचे आणि आतल्या खोलीत शिकाऊ पोरांना कापड मापायच्या लाकडी गजानं बडवायचे.

त्यांचे नियम होते. कात्री कागदाला लावायची नाही, धार मरते. रिकामी वाजवायची नाही, घरात भांडण येतं. आणि टेपला तर मरेपर्यंत लावायची नाही. "टेप म्हंजे गिऱ्हाइकाचा भरवसा. भरवसा कापला की दुकान बसलं," असं ते म्हणायचे.

खिजर, माझा आताचा मालक, तेव्हा त्यांच्याकडे शिकत होता. एकदा टेपच्या टोकाची पितळी पट्टी निघाली, टोक विसविशीत झालं. पोरगा नीटनेटका. त्यानं मला उचललं आणि टोक एक इंच छाटून सरळ केलं. कुणाला सांगितलं नाही. आता गंमत बघा. प्रत्येक माप एक इंच जास्त भरायला लागलं. एका लग्नाची सगळी मापं त्याच टेपनं घेतली, आणि कापड मात्र गजावर आखून बेतलं. नवरदेवाचा बाप हंबीरराव कपडे घेऊन दुकानात उभा राहिला आणि ओरडला, "उस्ताद, पोराला कोट शिवलाय का मांडव?"

दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं हसली. उस्ताद हसले नाहीत. गज मोडेपर्यंत त्यांनी खिजरला मारलं. हात आडवा घातला तर हातावर मारलं. उजवी करंगळी मोडली, ती आजही वाकडी आहे. त्यानंतर टेप जवळ आली की त्याचा हात आपोआप मागं सरायचा. मी त्याच हातात असायचे, मला ते कळायचं.

पुढं उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांनी मला खिजरच्या हाती दिलं. म्हणाले, "तुला मारला, पर शिकवला बी. घे." शिंप्याची कात्री ही अशी मिळते. ती एकदा एका हाताला बसली की दुसऱ्याच्या हातात चावत नाही, कापडाला चघळते. म्हणून कुणी ती उसनी देत नाही.

खिजर मास्तर मला घेऊन कुवेतला गेले. मागोमाग बायको मलिका आणि तान्ही आयेशा आली. एका अरबाच्या दुकानात पायघोळ पांढरे झगे कापायचं काम होतं. गडहिंग्लजचा गुंडू तिथंच ट्रक चालवायचा. जुम्म्याला जेवायला यायचा, मलिकाला वैनी म्हणायचा आणि तांबड्या रश्श्यासाठी गळा काढायचा. बरं चाललं होतं.

नव्वद सालचा ऑगस्ट आला आणि एका पहाटे इराकचे रणगाडे गावात शिरले. काचा हादरल्या, कापडाचे तागे फळीवरून खाली आले. सैनिक दुकानात घुसले ते शटरला लाथा घालतच. शिलाई मशिनी उचलून ट्रकात टाकल्या. मालकाचा पुतण्या मधे पडला, "निदान एक तरी ठेवा," म्हणाला असावा. त्याला दारातच गोळी घातली. काल ज्याच्या झग्याचा गळा मी कापला होता, तो झगा त्याच्या अंगावर होता. पुढून सगळा लाल झाला.

मास्तरांच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता बसला. दोन दात कापडावर पडले. पण हाताला काय सुचलं बघा, पडता पडता त्यांनी मला चिंध्यांच्या टोपलीत सारलं.

घरी मलिकानं जखम धुतली आणि आधी रडली, मग चिडली. "दात गेलं, पगार गेला, घड्याळ गेलं. आन ह्ये लोखंड मातुर छातीशी धरून आनलंय!"

"लोखंड हाय म्हनून कोल्हापुरात चूल पेटंल," मास्तर रक्त थुंकत म्हणाले.

गुंडूनं ट्रक काढला, इराकमधून जॉर्डन गाठायचं ठरलं. वाटेत चौकीचौकीवर झडती होती, आणि धारदार काही सापडलं की माणूस संपला. म्हणून मास्तरांनी चिंध्यांची बाहुली शिवली आणि मला तिच्या पोटात घातलं. सात वर्षांच्या आयेशाला सांगितलं, "हिला सोडायचं न्हाय." पोरीनं मला तान्ह्या बाळासारखं खांद्यावर घेतलं. एका चौकीवर आमच्या पुढच्या गाडीतल्या आचाऱ्याजवळ सुरी निघाली. भाजीची सुरी. त्याला खाली ओढून इतकं तुडवलं की बरगड्या मोडल्याचा आवाज मला बाहुलीतून ऐकू आला. मग सैनिक आयेशाकडे आला. तिनं बाहुलीला थोपटलं आणि म्हटलं, "झोपलीय ती." त्याला भाषा कळली नाही. तो पुढं गेला.

जॉर्डनच्या सरहद्दीवर वाळवंटात आम्हाला अडवून ठेवलं. तंबू, उन्हाळा, आणि हजारो माणसं, नाना मुलखांची. पाण्याचा टँकर आला की माणसं माणसांवर चढायची. पहारेकरी लाठ्या चालवायचे. एक म्हातारा टँकरच्या चाकाखाली गेला, तर लोक त्याच्यावर पाय देऊन नळाला भिडले.

गुंडू म्हणायचा, "मास्तर, पंचगंगेचं पानी गढूळ म्हनून शिव्या घालत हुतो. आता कुनी गढूळ दिलं तर पाया पडतो बघा."

एका दुपारी कुणी तरी मलिकाच्या डोक्यात दगड घातला आणि पाण्याचा डबा पळवला. दिवसभर पोरगी कोरड्या ओठांनी पडून राहिली. गुंडूनं कुठून तरी दुसरा डबा मिळवला, भरूनही आणला. आता तो जपायचा कसा? मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. एक टोक डब्याच्या कडीला, दुसरं आयेशाच्या मनगटाला. गाठ शिंप्याची, ओढली की आवळणारी. वरून तिची बाही ओढली.

गुंडू म्हणाला, "पोरीला डब्याला बांधताय व्हय?"

"डबा पोरीला बांधलाय," मास्तर म्हणाले. मला बाहुलीतून काढून कमरेला खोचलं आणि भाकरीच्या रांगेकडे निघाले.

दहा पावलंही गेली नसतील. मागं मलिकाची किंकाळी उठली. एका उंच, वाळलेल्या माणसानं डबा उचलला होता आणि तो पळत होता. पोरगी टेपला बांधलेली आहे हे त्याला दिसलंच नव्हतं. आयेशा वाळूवरून, दगडांवरून, लोकांच्या पायांखालून फरफटत चालली होती. मनगट तुटायला आलं होतं. मलिका ओरडत होती, "कापा वो! कापा की त्ये!"

मास्तर मला उघडून धावले. टेप माझ्यासमोर ताणलेली होती, पांढरी, काळ्या आकड्यांची. एक दाब पुरेसा होता. माझं पातं तिला टेकलं. आणि पावणं, तेवढ्यात तो हात मागं आला. उस्तादांच्या गजानं शिकवलेला हात. तो वर सरकला आणि डब्याच्या कडीवर आवळलेल्या त्या माणसाच्या अंगठ्यावर मिटला.

जाड कापडाचे चार थर कापताना लागतो तेवढाच जोर लागला.

आत जाताना मला एक गोष्ट लागली. अंगठ्याच्या सांध्यावर घट्टा होता, कडक, पिवळा. असा घट्टा फक्त एकाच धंद्यात पडतो. तो माणूसही शिंपीच होता, कापणारा. मास्तरांनीही तो पाहिला. स्वतःच्या अंगठ्याकडं पाहिलं. पुन्हा त्याच्याकडं पाहिलं.

डबा फुटला, पाणी वाळूनं पिऊन टाकलं. तो माणूस ओरडला नाही. कातड्याला लोंबणारा अंगठा दुसऱ्या हातानं जागेवर धरून, तो बसेल म्हणून दाबत राहिला. त्याच्या भाषेत काही तरी पुटपुटला. गुंडूनं मास्तरांना ओढत तंबूत नेलं. मलिकानं दातांनी गाठ सोडवली. टेप शाबूत राहिली. मास्तरांनी मला पुसलंही नाही. तीच टेप माझ्याभोवती गुंडाळली.

तिथून बस, बसमधून विमान आणि एकदाचं कोल्हापूर. माझी जागा ट्रंकेच्या तळाशी. मास्तर कबनूरला पॉवरलूमवर जायला लागले. कापड विणलं, पण कापलं नाही. एकदा मागातला धोटा उडून खांद्यावर बसला, एकदा पट्ट्यानं बोटं सोलली. अंगावर जखमा घेऊन यायचे आणि तसेच झोपायचे. मलिका फॉल-पिकोवर घर ओढायची. "निम्मं शहर ह्यांच्या हातचं कापड मागतंय आन ह्ये मागाचा मार खात्यात," असं ती भिंतीला ऐकवायची. मी अंधारात गंजत होते. हा हात मला पुन्हा उचलेल का, एवढंच मनात यायचं. घराची चूलही त्यावरच अडली होती.

आयेशा अठराची झाली त्या वर्षी उस्तादांकडचा जुना जोडीदार भाऊसो घरी आला. त्याचं दुकान जोरात होतं.

"मास्तर, कापड मागावर निघतंय आन कात्री ट्रंकेत झोपलीया. द्या की मला. उस्तादांची आठवण म्हनून वापरीन."

मास्तर उठले. ट्रंक उघडली. टेपसकट मला काढलं आणि भाऊसोपुढं धरलं. त्या वेळी मला कळलं, ते मला देत नव्हते, टाकत होते.

आयेशानं मला मधल्यामधी हिसकावलं. "ही माझी हाय. मी आनलीय हिला. खांद्यावरनं."

मास्तरांचा हात उठला आणि खाडकन तिच्या गालावर बसला. कधी बोट न लावलेला बाप. तिचा ओठ फुटला. भाऊसो चप्पल शोधायला लागला.

पोरीनं ओठ पुसला नाही. माझ्याभोवतीची टेप सोडली. रक्तानं काळी पडलेली, मधेच शिंप्याची गाठ तशीच. तिनं ती बापाच्या डोळ्यांसमोर ताणून धरली. तेव्हा वाळूत मोडलेलं, वाकडं जुळलेलं मनगट बाहीबाहेर आलं. गंजलेली मी करकरत उघडले.

"नगं," मास्तर म्हणाले. "आयेशा, नगं! टेपला न्हाय!"

तिनं मला मिटलं. टेपचे दोन तुकडे जमिनीवर पडले.

"तवा एवढंच करायचं हुतं, अब्बा," ती म्हणाली. "एवढंच."

मास्तर भिंतीला टेकून खाली बसले. वाकडी करंगळी दुसऱ्या मुठीत धरली आणि मार खाणाऱ्या पोरासारखे डोकं खाली घालून हुंदके देत राहिले. भाऊसो हळूच निघून गेला. मलिकानं पाणी आणून ठेवलं, ते कुणी प्यालं नाही.

बऱ्याच वेळानं मास्तरांनी मलिकाच्या मशीनवरचा खडू उचलला. जुनी चादर जमिनीवर पसरली, गुडघ्यावर बसून एक लांब रेघ ओढली आणि बाजूला सरकले.

"सरळ काप. मधी थांबू नगं."

मी त्यांच्या हाताला बसलेली. पोरीच्या हातात मी कापड चघळलं, तिच्या तळव्याला फोड आणला. त्यांनी ते पाहिलं. शिकवायला बोटं पुढं आली आणि माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. शेवटी त्यांनी चिंधी फाडून तिच्याकडे फेकली. "मुठीला गुंडाळ. हाताला बसंल."

आता दोन हजारचं दशक चालू आहे. हे दुकान आयेशाचं. टेप नवी आहे. मास्तर कबनूरला जात नाहीत. ते माप घेतात, खडूनं आखतात, आणि कापते ती. गिऱ्हाइकं म्हणतात, "मास्तर, तुमी का कापत न्हाई?" ते म्हणतात, "पोरीचा हात चांगला हाय." टीव्हीवर बगदादवर बॉम्ब पडताना दाखवत होते, त्या दिवशी त्यांनी एकही रेघ ओढली नाही.

पावणं, तुम्ही गावोगाव फिरता. कुठं एखाद्या दुकानात डाव्या हातानं कापणारा उंच, वाळलेला म्हातारा दिसला, उजवा अंगठा नसलेला, तर त्याच्याजवळ घटकाभर बसा. भाषा कळली नाही तरी चालेल. कोल्हापुरात एक कात्री आहे, एवढं त्याला सांगा. तिच्या मालकाला दोन्ही अंगठे आहेत. पण त्या दिवसापासून त्यानं एकही घातलेला नाही माझ्या मुठीत.